लाल डाग, लेसर आणि मलम

शाळा सुरू झाल्या की दरवर्षी आमच्याकडे शिक्षकांची पत्रे येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले. एका बाईंनी लिहिले आहे : "माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या डाव्या गालावर आणि वरच्या ओठावर जांभळट लाल डाग आहे. जन्मापासूनचा. मुले तिच्याशेजारी बसायला कचरतात. कोणी म्हणते हे कोड आहे, कोणी म्हणते लहानपणी भाजले असेल. तिची आजी म्हणते, सुनेने दिवस गेलेले असताना ग्रहण पाळले नाही, त्याचे हे फळ. आता तिच्या वडिलांना कोणीतरी सांगितले आहे की लेसर आणि मलम असे दोन्ही एकदम केले की डाग कायमचा जातो. जमिनीचा तुकडा विकायची त्यांची तयारी आहे. ते मला विचारतात, बाई, हे खरे का? मी काय सांगू?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर एका ओळीत मावणारे नाही. लेसर असला तर मलम कशाला, आणि मलम असले तर लेसर कशाला, हे समजण्यासाठी थोडे प्रकाशाचे शास्त्र, थोडे उष्णतेचे आणि थोडे शरीराचे शास्त्र लागते. त्यातले बरेचसे आपण आठवी ते बारावीच्या वर्गांत शिकवतोच. म्हणून या बाईंना उत्तर देता देता ते सर्वांसमोर ठेवू या.

डाग कशाचा?

आपल्या हाताच्या बोटाचे टोक एखाद्या स्वच्छ काचेच्या पट्टीवर दाबा आणि काचेच्या दुसऱ्या बाजूने पाहा. दाबलेला भाग फिका, पांढरट दिसेल. दाब काढला की लाली क्षणात परत येते. म्हणजे ही लाली कातडीच्या रंगाची नाही, कातडीखालून वाहणाऱ्या रक्ताची आहे. दाबाने केशवाहिन्यांतले रक्त बाजूला सरते आणि रंग जातो. शाईचा डाग बोटावर असता तर तो दाबाने फिका झाला नसता.

पत्रातल्या मुलीच्या गालावरचा डाग बहुधा असाच, रक्ताचा आहे. डॉक्टर त्याला 'पोर्ट-वाइन स्टेन' म्हणतात. पोर्तुगालमधल्या पोर्ट नावाच्या गडद लाल मद्यावरून हे नाव पडले. साधारणपणे दर हजार नवजात बालकांत तिघांना असा डाग असतो. निरोगी केशवाहिनीची रुंदी ५ ते १० मायक्रोमीटर असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या डागात मात्र वरच्या थरातल्या वाहिन्या फुगलेल्या असतात. कोठे ५० मायक्रोमीटर, कोठे १०० किंवा त्याहून जास्त, म्हणजे जवळजवळ आपल्या डोक्याच्या केसाएवढ्या. त्यांत रक्त जास्त साठते, म्हणून त्वचा लाल दिसते. वय वाढते तशा या वाहिन्या आणखी रुंदावतात. त्यामुळे बाळपणी गुलाबी असलेला डाग मोठेपणी जांभळा होतो आणि काहींची त्वचा तेथे जाड व गाठीगाठींची होते.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की : हे कोड नाही. कोडात त्वचेचा रंग जातो, येथे रक्ताचा रंग वाढतो. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे. दोन्हीही स्पर्शाने पसरत नाहीत.

या डागाची गल्लत आणखी एका लाल खुणेशी होते. तिचे नाव हेमांजिओमा. ती जन्मानंतर काही आठवड्यांत उगवते, काही महिने भराभर वाढते आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरू लागते. पोर्ट-वाइन स्टेन जन्मतःच असतो, मुलाबरोबर वाढतो आणि आपोआप जात नाही. दोहोंचे उपचार वेगळे आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

ग्रहणाचा काय संबंध?

काहीच नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या डागाचे मूळ शोधून काढले. आपल्या पेशींत 'जीएनएक्यू' नावाचे एक जनुक आहे. पेशीला बाहेरून आलेला निरोप आत पोचवणारे एक प्रथिन या जनुकावरून तयार होते. डागातल्या पेशींत या जनुकाचे एकच अक्षर बदललेले आढळले. 'जी' हवे तेथे 'ए'. या एका अक्षराच्या चुकीमुळे निरोप्याचे तोंड बंदच होत नाही. निरोप नसतानाही तो आत थोडाथोडा निरोप देत राहतो. साधा डाग असलेल्या १३ जणांपैकी १२ जणांच्या डागात हा बदल सापडला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा बदल त्या माणसाच्या सगळ्या शरीरात नसतो, डाग असलेल्या जागीच असतो. म्हणजे तो आईकडून किंवा बापाकडून आलेला नाही. गर्भ वाढत असताना एका पेशीचे विभाजन होत होते, तेव्हा नक्कल करताना एक अक्षर चुकले. त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या लेकी ती चूक घेऊन जन्मल्या आणि गालाच्या एका भागात वसल्या. यात कोणाचा दोष नाही. त्या सुनेला ही गोष्ट कोणीतरी समजावून सांगायला हवी.

लाल अक्षरे आणि हिरवा कागद

आता लेसरकडे वळू. वर्गात करण्यासारखा एक प्रयोग पाहा. पांढऱ्या कागदावर लाल स्केचपेनने एखादा शब्द लिहा. त्यावरून हिरवा जिलेटीन कागद धरा. लाल अक्षरे काळी दिसतील. आता लाल जिलेटीन कागद धरा. अक्षरे जवळजवळ नाहीशी होतील.

कारण उघड आहे. लाल शाई लाल प्रकाश परत पाठवते आणि हिरवा प्रकाश गिळते. हिरव्या कागदातून फक्त हिरवा प्रकाश येतो आणि तो शाई गिळून टाकते, म्हणून ती काळी. रक्ताचेही असेच आहे. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेते. ५४२ आणि ५७७ नॅनोमीटर या तरंगलांबींना त्याचे शोषण विशेष जास्त असते. मग नेमका तसाच पिवळा प्रकाश त्वचेवर टाकला तर? रक्त तो शोषून तापेल, वाहिनीची भिंत भाजून बंद होईल, आणि आजूबाजूची त्वचा, जिला या रंगात फारसा रस नाही, ती बचावेल.

लेसरचा जन्म १९६० साली झाला, थिओडोर मायमन यांच्या माणकाच्या लेसरने. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्वचेवर लेसरचे प्रयोग सुरू केले. १९७० नंतर निळसर हिरव्या प्रकाशाचा आर्गन लेसर लाल डागांवर वापरात आला. डाग फिके झाले, पण अनेकांच्या चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण राहिले. डागाच्या जागी व्रण हा सौदा कोणाला परवडणार? रंग बऱ्यापैकी बरोबर होता. मग चुकले कोठे? चूक वेळेची होती.

भोक पडलेली बादली

तळाला भोक पडलेली बादली घ्या. नळाची बारीक धार सोडली तर पाणी भरतच नाही, सगळे अंगणात पसरते. पण दुसरी भरलेली बादली एकदम ओतली तर पाणी गळून जाण्याआधी ती क्षणभर काठोकाठ भरते.

तापलेली रक्तवाहिनी ही अशीच गळकी बादली आहे. तिच्यातली उष्णता सतत शेजारच्या त्वचेत गळत असते. आर्गन लेसरचा प्रकाश सावकाश, धारेसारखा पडत होता. वाहिनी तापेपर्यंत शेजारही भाजत होता. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात यावरचा तोडगा मांडला. वाहिनीतली उष्णता बाहेर गळायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात सगळी ऊर्जा देऊन टाका. मग वाहिनी भाजेल आणि शेजार थंड राहील.

हा गळण्याचा वेळ वाहिनीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मायक्रोमीटरच्या वाहिनीला सुमारे ०.०५ मिलिसेकंद लागतो. १०० मायक्रोमीटरच्या वाहिनीला सुमारे ५ मिलिसेकंद. रुंदी दहापट, वेळ शंभरपट. स्वयंपाकघरात हे रोज दिसते. उकडलेला वाटाणा क्षणात निवतो, बटाटा मात्र वरून गार वाटला तरी आत चटका देतो.

या हिशेबावर 'पल्स्ड डाय लेसर' बेतला गेला. यात रंजकाच्या द्रावणातून पिवळा प्रकाश काढतात. पहिल्या यंत्रांचा प्रकाश ५७७ नॅनोमीटरचा होता. पुढे तो थोडा अधिक खोल जावा म्हणून ५८५ आणि ५९५ नॅनोमीटरची यंत्रे आली. गॅसच्या ज्योतीवर मिठाची चिमूट टाकली की जो पिवळा रंग चमकतो तो ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे या दोहोंच्या मधला. प्रकाशाचा एक स्पंद सुरुवातीच्या यंत्रांत ०.४५ मिलिसेकंदाचा असे. आता तो वाहिनीच्या रुंदीप्रमाणे कमीजास्त करता येतो. गेली साडेतीन दशके आणि अधिक काळ लाल डागांवरचा मुख्य उपचार हाच आहे. दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवून बऱ्याच बैठका कराव्या लागतात. प्रत्येक बैठकीनंतर जागा काळीनिळी होते आणि आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत होते.

आपली सावळी त्वचा

येथे एक अडचण खास आपल्याकडची आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मेलॅनिन हा काळा रंजक असतो. आपल्या सावळ्या त्वचेत तो गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. मेलॅनिन पिवळा प्रकाशही शोषतो. म्हणजे प्रकाश रक्तापर्यंत पोचण्याआधीच वाटेत जकात द्यावी लागते. रक्ताच्या वाटणीला कमी प्रकाश येतो, आणि वरचा थर तापून फोड येण्याची, त्वचा काळी पडण्याची किंवा पांढरी पडण्याची भीती वाढते.

यावर एक सुंदर युक्ती निघाली. १९९० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात स्टुअर्ट नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या स्पंदाआधी काही मिलिसेकंद त्वचेवर अतिथंड द्रवाचा फवारा मारायला सुरुवात केली. वरचा थर गार पडतो, पण गारवा खाली वाहिनीपर्यंत पोचायच्या आतच लेसर चमकून जातो. उष्णतेला बाहेर गळायला वेळ लागतो तसा गारव्यालाही आत शिरायला वेळ लागतो. एकच नियम दोन्ही बाजूंनी वापरला. आज सावळ्या त्वचेवर लेसर करताना अशी थंडाई, कमी ऊर्जा आणि आधी एका छोट्या जागेवर चाचणी ही काळजी घेतात.

शरीरच उपचार परतवते

इतके सगळे जमल्यावर डाग जायला हवा. पण पूर्ण नाहीसा होण्याचे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते. बहुतेकांचा फिका होतो आणि एका टप्प्यावर थांबतो. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी लेसर करून घेतलेल्या ५१ जणांना सुमारे साडेनऊ वर्षांनी पुन्हा बोलावले आणि डागाचा रंग उपकरणाने मोजला. २००७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. डाग उपचाराच्या आधीपेक्षा फिका होता, पण उपचार संपले तेव्हापेक्षा गडद झाला होता. सुमारे एकतृतीयांश लोकांना स्वतःलाही तो गडद झाल्याचे जाणवले होते.

असे का व्हावे? एक कारण खोलीचे. हा पिवळा प्रकाश जेमतेम एक-दीड मिलिमीटरपर्यंत कामाचा राहतो. त्याखालच्या वाहिन्या सुटतात. दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. शरीराच्या दृष्टीने लेसरने केलेले काम म्हणजे एक जखमच असते. वाहिन्या बंद झाल्या की तेथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. त्या एक रासायनिक हाक देतात. या हाकेचे नाव 'व्हीईजीएफ', म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला वाढायला लावणारे प्रथिन. मग शेजारच्या वाहिन्यांना कोंब फुटतात आणि नवे जाळे विणले जाते. गुडघा खरचटला की याच कामामुळे जखम भरते. येथे मात्र तेच काम आपल्या मुळावर येते. त्यातच डागातल्या उरलेल्या पेशींत ती एका अक्षराची चूक तशीच असते, म्हणून नव्या वाहिन्याही हळूहळू फुगतात. बांधावरची हरळी वरून कापली आणि मुळे राहिली, तर पहिल्या पावसानंतर काय होते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मलमाची कल्पना येथून निघाली. लेसरने कापायचे आणि औषधाने कोंब दाबून धरायचे. एकाचे काम दुसरा करू शकत नाही. नुसते मलम रुंद झालेल्या वाहिन्या बुजवू शकत नाही. नुसता लेसर नव्या वाहिन्या थांबवू शकत नाही. पत्रातल्या 'दोन्ही एकदम' या शब्दांमागचे शास्त्र एवढेच, आणि विचार म्हणून ते अगदी बरोबर आहे.

ईस्टर बेटाची माती

कोंब दाबण्यासाठी सर्वांत जास्त आशा ज्या औषधावर ठेवली गेली त्याचे नाव रॅपामायसिन, दुसरे नाव सिरोलिमस. १९६४ साली कॅनडातली एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तेथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे द्रव्य मिळाले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून रॅपामायसिन. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत ते वेगळे काढण्याच्या कामात भारतात शिकून तिकडे गेलेले सुरेन सेहगल हे शास्त्रज्ञ आघाडीवर होते. सुरुवातीला ते बुरशीनाशक म्हणून पाहिले गेले. पुढे ते प्रतिकारशक्ती दाबते हे कळले आणि १९९९ साली अमेरिकेत मूत्रपिंडारोपणाच्या रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळाली.

पेशीत 'एमटॉर' नावाचे एक प्रथिन आहे. पेशीने वाढायचे की थांबायचे, याचा निर्णय घेणाऱ्या साखळीतली ती एक मोठी कडी. रॅपामायसिन ही कडी अडवते. त्यामुळे व्हीईजीएफची हाक मंदावते आणि हाक ऐकून कोंब फुटणेही मंदावते. कागदावर सगळे जुळते.

पण त्वचा हा काही नुसता कागद नाही. ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू शाबूत त्वचेतून आत शिरताना फार अडखळतात, असा एक ठोकताळा आहे. रॅपामायसिनचा रेणू सुमारे ९१४ डाल्टनचा. म्हणजे दारापेक्षा कपाट मोठे अशी स्थिती. मलम वर चोपडले म्हणजे औषध वाहिन्यांपर्यंत पोचलेच, असे धरून चालत नाही. पोचते का आणि पोचून काही करते का, हे कसोटी घेऊनच ठरवावे लागते.

एका वाफ्याचे चार भाग

समजा, एका नव्या खताने मेथी चांगली येते का हे आपल्याला पाहायचे आहे. एका वाफ्याला खत घातले आणि शेजारच्या गावातल्या वाफ्याला घातले नाही, तर फरक खताचा की मातीचा, हे कळणार नाही. शहाणा शेतकरी एकाच वाफ्याचे भाग पाडील.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी नेमके हेच केले. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. २३ जणांच्या डागाचे प्रत्येकी चार भाग केले. एका भागावर औषध नसलेले मलम, दुसऱ्यावर लेसर आणि औषध नसलेले मलम, तिसऱ्यावर रॅपामायसिनचे मलम, चौथ्यावर लेसर आणि रॅपामायसिन. कोणत्या भागावर खरे मलम आहे, हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. नाहीतर आशा डोळ्यांना फसवते. चौथा भाग सर्वांत चांगला ठरला.

येथे थांबलो असतो तर लेख आनंदात संपला असता. पण २०१७ साली हॉलंडमधल्या गटानेही अशीच कसोटी प्रसिद्ध केली. औषध आत जावे म्हणून त्यांनी दुसऱ्या एका लेसरने त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडण्याचाही प्रयत्न केला. तरी नुसत्या पिवळ्या लेसरपेक्षा फार काही जास्त मिळाले नाही. त्याआधी २०१४ साली फ्रान्समध्ये २२ मुलांवर टिमोलॉल या दुसऱ्या औषधाची लेसरशी जोड तपासली होती. टिमोलॉल हे मुळात काचबिंदूवरचे थेंब. वर सांगितलेल्या हेमांजिओमावर या कुळातली औषधे गुणकारी ठरली आहेत. बोर्दो येथल्या डॉक्टरांनी २००८ साली हे प्रथम दाखवले. पोर्ट-वाइन स्टेनवर मात्र लेसरला टिमोलॉलची जोड देऊन वेगळा फायदा दिसला नाही. एका लाल खुणेचे औषध दुसऱ्या लाल खुणेला चालतेच असे नाही.

मग स्पेन बरोबर की हॉलंड? दोघांनीही प्रामाणिकपणे मोजले. पण दोन्हीकडे रुग्ण थोडे होते. अशा कसोट्यांत मलमातले औषधाचे प्रमाण, त्याचे आधारद्रव्य, रुग्णांचे वय, डागाची जाडी, मलम किती दिवस लावले, यांतल्या कशानेही निकाल फिरू शकतो. थोड्या माणसांवरच्या कसोटीत योगायोगालाही जागा असते. विद्यार्थ्यांना सांगावे, नाणे दहा वेळा उडवून सात छाप आले म्हणजे नाणे खोटे ठरत नाही. २०२२ साली अमेरिकेत सिरोलिमसच्या जेलला त्वचेवर लावण्यासाठी मंजुरी मिळाली. पण ती चेहऱ्यावरच्या वेगळ्याच, एका आनुवंशिक विकारातल्या गाठींसाठी, या लाल डागासाठी नव्हे. तेव्हा लेसर आणि मलमाची जोडी ही आज एक सयुक्तिक, अर्धवट तपासलेली आशा आहे. सिद्ध झालेला उपाय नाही.

बाईंना उत्तर

आता पत्राकडे परत येऊ. बाई, त्या वडिलांना आम्ही असे सांगू :

लेसरने डाग बहुधा फिका होईल. कदाचित पुष्कळ फिका होईल. कायमचा आणि पूर्ण जाईल असे वचन जो देतो, तो आपल्याला माहीत असलेल्या शास्त्राच्या पलीकडचे बोलतो आहे. त्या वचनासाठी जमीन विकू नका. आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात मुलीला दाखवा. हा डाग पोर्ट-वाइन स्टेनच आहे का, हे तेथे कळेल. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्या. लेसर कोणत्या प्रकारचा? सावळ्या त्वचेवर तुम्ही तो किती केला आहे? थंडाईची सोय आहे का? आधी छोट्या जागेवर चाचणी कराल का? साधारण किती बैठका आणि एकूण खर्च किती? डोळे झाकण्याची व्यवस्था काय? मलमात नेमके कोणते औषध आहे आणि ते मुलांना का द्यायचे? रॅपामायसिन प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारे औषध आहे, ते हौसेने लावायचे नाही. लहान वयात त्वचा पातळ आणि वाहिन्या बारीक असतात, म्हणून उपचार लवकर सुरू केला तर लाभ जास्त मिळतो. पाचवीतल्या मुलीसाठी मात्र उशीर झाला असेही नाही.

आणखी एक इशारा. दुकानात सहज मिळणारी, गोरे करण्याचे आश्वासन देणारी काही मलमे तीव्र स्टेरॉइडची असतात. ती चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते आणि बारीक रक्तवाहिन्या उलट अधिक ठळक दिसू लागतात. लाल डागावर तर ती मुळीच लावू नयेत.

डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर शिक्षकांनी विशेष सावध राहावे. अशा काही थोड्या मुलांत डोळ्याच्या आतला दाब वाढतो किंवा मेंदूवरच्या रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असून फिट येते. याला स्टर्ज-वेबर लक्षणसमूह म्हणतात. अशा मुलाला फळा नीट दिसत नसेल, एक डोळा मोठा वाटत असेल किंवा तो वर्गात क्षणभर हरवल्यासारखा होत असेल, तर ते पालकांच्या कानावर घालावे आणि नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. येथे शिक्षकाची नजर लेसरहून लवकर कामाला येते.

राहता राहिला वर्ग. काचेच्या पट्टीचा प्रयोग सगळ्या मुलांना स्वतःच्या बोटावर करू द्या. हिरव्या कागदाचाही करा. कातडीखाली सर्वांचेच रक्त लाल आहे आणि कोणाच्या गालावर ते थोडे जास्त दिसते, इतके मुलांना पटले तरी खूप झाले. पण त्या मुलीला उदाहरण म्हणून उभे करू नका. आधी तिला एकटीला विचारा, या विषयावर वर्गात बोलले तर चालेल का. ती नको म्हणाली तर प्रयोग करा आणि तिचे नाव काढू नका. मुले हुशार असतात, ती आपली आपण जोडतात.

आणि आजींना सांगा, ग्रहण सूर्याला लागले होते, सुनेला नाही.